भारताचं राष्ट्रीय शिक्षण तत्त्वज्ञान नेमकं कुठे लिहिलंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. बी.एड.च्या पहिल्या वर्षात तुम्हाला 'भारताचे राष्ट्रीय शिक्षण तत्त्वज्ञान व त्याची ऐतिहासिक मुळे' असा असाइनमेंट दिलाय. पुस्तकात गुरुकुल, बौद्ध विहार, इंग्रज, मग विवेकानंद-टागोर-गांधी अशी एकामागून एक प्रकरणं आहेत पण ती जोडायची कशी ते कुठेच नाही. शोधताना तुम्हाला मलेशियाचं तत्त्वज्ञान एका परिच्छेदात अधिकृतपणे लिहिलेलं सापडलं आणि आता तुम्ही विचारताय की आपलं असं काही आहे का, की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणालाच तत्त्वज्ञान म्हणून टाकायचं.

मी बरीच वर्षं अध्यापक विद्यालयात हा विषय शिकवला आणि नंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच कबूल करते. ही गोष्ट कुठून सुरू करायची हे सांगणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. केरळचा शिक्षक १८१७ च्या त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंच्या जाहीरनाम्यापासून सुरू करेल, बंगालचा शांतिनिकेतनपासून. मी महाराष्ट्रातून सांगतेय त्यामुळे माझ्या उत्तरात इथली माणसं जास्त येतील. पण ती फक्त आपली म्हणून येत नाहीयेत, या विषयात ती खरोखरच मध्यभागी आहेत असं माझं ठाम मत आहे.

मलेशियाचं आधी बघू कारण तुलना उपयोगी आहे. त्यांचं राष्ट्रीय शिक्षण तत्त्वज्ञान १९८८ मध्ये शब्दबद्ध झालं आणि १९९६ मध्ये त्यात सुधारणा झाली. बौद्धिक, आध्यात्मिक, भावनिक आणि शारीरिक असा समतोल असलेला माणूस घडवायचा, आणि देवावरची श्रद्धा हा त्याचा पाया. वाचायला सुटसुटीत वाटतं पण त्याच्या मागे मोठा ताण आहे. इंग्रजांच्या काळात तिथे मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी शाळा वेगवेगळ्या चालायच्या, एका देशाची मुलं चार वेगळ्या जगांत वाढायची. स्वातंत्र्याच्या आधीच्या वर्षी, १९५६ मध्ये, रझाक अहवालाने समान अभ्यासक्रमाचा आग्रह धरला. पुढे १९६९ मध्ये दंगली झाल्या आणि १९७० मध्ये राष्ट्राची पाच तत्त्वं जाहीर झाली, त्यातलं पहिलंच देवावर श्रद्धा हे आहे. म्हणजे तो परिच्छेद काही कुणाला शांतपणे बसून सुचलेला नाही, 'या सगळ्यांना एक देश म्हणून कसं वाढवायचं' या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे.

आपल्याकडे असा एक परिच्छेद नाही. हे असाइनमेंटमध्ये सरळ लिहा, घाबरू नका. राज्यघटना लागू झाली तेव्हा शिक्षण हा राज्यांचा विषय होता, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांच्याही विषयांत, आला, त्यामुळे दिल्लीत बसून एकच तत्त्वज्ञान जाहीर करणं हे सुरुवातीपासूनच आपल्या रचनेत बसणारं नव्हतं. मग शोधायचं कुठे? मी विद्यार्थ्यांना एकच पद्धत शिकवत आले. धोरणाची प्रस्तावना बाजूला ठेवा आणि राज्यसंस्थेने स्वतःला कुठे बांधून घेतलंय ते बघा, म्हणजे कोणत्या वयापर्यंत, कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि पाळलं नाही तर कोर्टात जाता येतं का. सर्वांगीण विकास सगळ्याच कागदांत लिहिलेला असतो. या चार प्रश्नांची उत्तरं मात्र प्रत्येक काळात वेगळी आलीयेत आणि प्रत्येक उत्तरामागे कुणीतरी भांडलेलं आहे.

ही पद्धत लावली की इतिहास आपोआप मांडला जातो. १८१३ च्या चार्टर कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला शिक्षणावर वर्षाला १ लाख रुपये खर्चायला सांगितलं, पण ते कोणावर आणि कशावर याचा वाद वीसेक वर्षं चालला. १८३५ मध्ये मेकॉलेने तो इंग्रजीच्या बाजूने मिटवला, आणि आपण सगळे त्याच्या इंग्रजीवरच अडकून बसतो, पण त्याच्या टिपणातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सगळ्या जनतेला शिकवणं आपल्या साधनांत अशक्य आहे, म्हणून आधी एक वर्ग तयार करू आणि ज्ञान त्याच्याकडून खाली जाईल, असं तो सांगत होता. यालाच पुस्तकात झिरपण्याचा सिद्धांत म्हणतात. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य केली, अनुदान पद्धत आणली, तीन वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रासला विद्यापीठं आली, पण प्रत्यक्षात पैशाचा ओघ वरच्या शिक्षणाकडेच राहिला.

आता इथे थांबून नीट बघा, कारण बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे दोन ओळींत पुढे जातात. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला सरकारचा हंटर आयोग आला आणि जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिलं. हा माणूस आणि सावित्रीबाई १८४८ पासून पुण्यात मुलींची, मग अस्पृश्य मुलांची शाळा चालवत होते, म्हणजे हे निवेदन एका अनुभवी शाळा चालवणाऱ्याने लिहिलेलं आहे. त्यांचा युक्तिवाद हिशेबाचा होता. सरकारी तिजोरीतला बराचसा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. त्या वर्गांना शिकवलं म्हणजे त्यांनी ते खाली पोचवलं का, तर नाही. हा झिरपण्याच्या सिद्धांताला पुराव्यानिशी दिलेला नकार आहे. आणि मागणी काय, तर प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान १२ वर्षांपर्यंत, सक्तीचं करा. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत, म्हणजे मुलांच्यात मिसळतील. त्यांना पगार बरा द्या. मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती शिकवा. तुम्ही हे निवेदन मुळातून वाचाच, फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आहे आणि फार मोठं नाही. सक्ती, शिक्षक प्रशिक्षण, अभ्यासक्रमाची जीवनाशी सांगड, हे सगळं एका जागी, आणि तेही १८८२ मध्ये. भारताच्या शिक्षण तत्त्वज्ञानाचं सगळ्यात स्पष्ट मूळ मला विचाराल तर ते हेच आहे.

यापुढची साठ-सत्तर वर्षं म्हणजे हीच मागणी वेगवेगळ्या लोकांनी रेटत नेली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केलं. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं, आणि ते किती मवाळ होतं बघा, स्थानिक संस्थांना वाटलं तर त्यांनी सरकारी परवानगीने ६ ते १० वयाच्या मुलांना सक्ती करावी, एवढंच. तरी मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात फक्त इंग्रज नव्हते, शेतावर काम करणारी पोरं शाळेत गेली तर मजूर कुठून आणायचे अशी काळजी असलेले आपले जमीनदारही होते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलांना न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी अर्थसंकल्पावर बोलताना दाखवून दिलं की सरकार शिक्षणावर डोई १४ आणे खर्च करतंय आणि अबकारी करातून डोई २ रुपयांहून जास्त वसूल करतंय. इथे परत तोच फुल्यांचा हिशेब दिसतो ना?

मग घटना. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने मोफत प्राथमिक शिक्षण हक्क म्हणूनच सुचवलं होतं, पण १९४७ मध्ये सल्लागार समितीत ते उचलून कोर्टात न जाता येणाऱ्या भागात टाकलं गेलं, ज्याला आपण मार्गदर्शक तत्त्वं म्हणतो. २३ नोव्हेंबर १९४८ ला चर्चा झाली तेव्हा एका सदस्यांचं म्हणणं होतं की हे फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवा. आंबेडकरांनी ते नाकारलं आणि कारण असं दिलं की १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आपण घटनेतच बंदी घालतोय, मग ते मूल काम करणार नसेल तर ते शाळेतच असलं पाहिजे. १४ हा आकडा कुठून आला हे मी वर्गात विचारायचे तेव्हा कोणालाच सांगता यायचं नाही. बालमजुरीची बंदी आणि शाळेची सक्ती एकमेकांना बांधलेली आहेत, एक सैल झाली की दुसरी आपोआप सैल होते. ऊसतोडीच्या हंगामात ज्यांच्या वर्गातली मुलं आईबापाबरोबर निघून जातात त्या शिक्षकांना हे वेगळं समजवावं लागत नाही. मार्गदर्शक तत्त्वांतल्या कलम ४५ ने १४ वर्षांपर्यंतच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत दिली होती. ती १९६० मध्ये संपली.

इथपर्यंत झाला 'कोणाला शिकवायचं' हा धागा. दुसरा धागा 'कसलं शिक्षण' हा, आणि तो याच काळात शेजारून चाललाय. टागोरांचं शांतिनिकेतन १९०१ चं. टिळकांच्या चतुःसूत्रीत राष्ट्रीय शिक्षण होतं, आपल्याकडे विजापूरकरांचं समर्थ विद्यालय त्यातूनच आलं. पण तपशिलात योजना म्हणून उभी राहिली ती गांधीजींची नई तालीम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला. त्यात ७ वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एका उद्योगाभोवती गुंफलेलं, म्हणजे सूत कातताना गणित, कापसाबरोबर भूगोल आणि इतिहास. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने ते स्वीकारलं आणि सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ते चालवून दाखवलं.

यातला वादाचा मुद्दा पुस्तकात येत नाही म्हणून सांगते. गांधीजींना वाटत होतं की मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, कारण शिक्षणाचा पैसा दारूच्या अबकारीतून येत होता आणि त्यांना दारूबंदी हवी होती. वर्ध्याच्या परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी याला विरोध केला, मुलांना उत्पादनाला जुंपणं होईल म्हणून, आणि झाकीर हुसेन समितीनेही उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षण मागे पडण्याचा धोका लिहून ठेवला. आंबेडकर आणि गांधी दोघांसमोर आकडे एकच होते, शिक्षण आणि अबकारी. पण एकाने निष्कर्ष काढला की राज्याने जास्त खर्च करावा, दुसऱ्याने काढला की शाळेने स्वतःच्या पायावर उभं राहावं. तुमच्या असाइनमेंटमध्ये ही एवढी तुलना जरी आली तरी तपासणाऱ्याला कळेल की तुम्ही विचार केलाय.

माझं मत विचाराल तर पगार काढण्याच्या बाबतीत शहा बरोबर होते. पण हाताच्या कामातून शिकण्याबद्दल गांधीजी बरोबर होते आणि तो भाग आपण हातचा घालवला. तो आज कार्यानुभवाच्या तासिकेत उरलाय, आणि तिथे बहुतेक शाळांत कागदाची फुलं होतात, कारण त्याला मूल्यमापनात वजन नाही आणि शिक्षकाला सामान नाही. याउलट जिथे कुणी मन लावून केलं तिथे ते टिकलं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' वसतिगृहात आणलं, तिथे श्रम आणि प्रवेश हे दोन्ही धागे एकत्र आले, गरीब मुलाला शिकायला मिळालं तेच मुळी कामातून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी केली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा केली, म्हणजे मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा कुरणात नेली. ही माणसं बी.एड.च्या पेपरात सहसा टीपा लिहा पुरती येतात, मला ती मुख्य प्रश्नात यायला हवी वाटतात.

स्वातंत्र्यानंतरचे आयोग मी भराभर सांगते. राधाकृष्णन १९४८-४९, विद्यापीठांसाठी. मुदलियार १९५२-५३, माध्यमिकसाठी. कोठारी १९६४-६६, सगळ्या पातळ्यांसाठी, आणि दोन्ही धागे एकत्र विणायचा सगळ्यात गंभीर प्रयत्न तोच. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेले. अहवालाच्या नावातच शिक्षण आणि राष्ट्रीय विकास ही जोडी आहे. परिसरातल्या सगळ्या मुलांना, श्रीमंत असो गरीब असो, एकाच चांगल्या शेजारशाळेत घालायचं, कार्यानुभव सगळ्यांना, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर. यातला १०+२+३, म्हणजे दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी हा आकृतिबंध, आपण उचलला कारण तो कागदावर करता येतो. शेजारशाळा राहिली, ६ टक्के १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांत लिहिलेले आहेत आणि अजून गाठलेले नाहीत. ४५ व्या कलमाची मुदत उलटून गेल्यावर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण जगण्याच्या हक्कातच येतं असं सांगितलं, २००२ मध्ये कलम २१क आलं, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १८८२ ची मागणी कायद्याने बंधनकारक व्हायला एवढा काळ लागला.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर, नाही, २०२० च्या धोरणाला तत्त्वज्ञान म्हणू नका. ते धोरण आहे, चांगल्या गोष्टी त्यात आहेत, ३ वर्षांपासूनच्या बालशिक्षणाला आणि निदान पाचवीपर्यंत मातृभाषेला दिलेलं महत्त्व मला मनापासून पटतं. पण धोरण बदलता येतं, ते पाळलं नाही म्हणून पालक कोर्टात जाऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ काढून वाचा, अभ्यासक्रम घटनेच्या मूल्यांशी सुसंगत हवा, मूल भीतीशिवाय शिकलं पाहिजे, शक्य तिथवर मातृभाषेतून, कृतीतून. बंधनकारक स्वरूपात जे काही लिहिलंय ते २१क आणि हे २९, या दोघांत आहे, आणि त्यांच्या मागे घटनेची उद्देशिका आहे.

गुरुकुल आणि नालंदाचं काय असं विचाराल. ती ज्ञानाची थोर परंपरा आहे, लिहा, आणि गावोगावच्या पंतोजींच्या शाळाही लिहा ज्या इंग्रज येण्याआधी चालत होत्या. पण त्या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मुलांना दार बंद होतं. सगळ्यांना, सक्तीने, सार्वजनिक पैशाने शिकवायचं ही कल्पना तिथून आलेली नाही, ती एकोणिसाव्या शतकाच्या भांडणातून आली. दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात मावतात, फक्त त्यांची सरमिसळ करू नका.

हे सगळं आजचं आहे का, तर हो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली, जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तो वाद कोठारींच्या शेजारशाळेचाच आहे, कोणाचं मूल कोणाच्या शेजारी बसणार. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळेचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विचार आला. त्याच्या बाजूने खरी कारणं आहेत, चार मुलांच्या वर्गात खेळ होत नाही, गटात शिकणं होत नाही, हे मी बघितलेलं आहे. पण वाडीवरची सहा वर्षांची मुलगी रोज गाडीची वाट बघत राहणार असेल तर तिची शाळा सुटायची शक्यता वाढते, आणि नियम पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा म्हणतो तो याच कारणाने. याचं उत्तर वाडी कुठली, रस्ता कसा, गाडी पावसाळ्यात येते का यावर आहे, सरसकट नाही.

असाइनमेंटसाठी म्हणून पुन्हा थोडक्यात. सुरुवातीला लिहा की भारताचं तत्त्वज्ञान एका घोषणेत नाही. मग दोन धागे, कोणाला आणि कसलं. पहिल्यात १८३५, १८८२, १९१२, १९१७, १९४८, २००९ एवढे थांबे पुरे. दुसऱ्यात वर्धा, आणि जागा असेल तर कोसबाड. मग कोठारी. गुरुकुल एक परिच्छेद. मलेशियाची तुलना शेवटी चार ओळींत ठेवा, म्हणजे लक्षात येईल की त्यांच्या मनात एकीचा प्रश्न जास्त मोठा होता आणि आपल्या मनात प्रवेशाचा.

आणि इंटर्नशिपला ज्या शाळेत जाल तिथल्या मुख्याध्यापकांना विचारून जुना दाखलखारीज, म्हणजे मुलं शाळेत दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, बघा, अगदी पन्नास वर्षांपूर्वीचा मिळाला तरी चालेल. नाव, जात, पालकाचा धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण हे रकाने त्यात असतात. मुली कोणत्या वर्षापासून दिसायला लागतात, कोणती आडनावं उशिरा येतात, कोण चौथीनंतर गायब होतं हे नोंदवून घ्या आणि असाइनमेंटला जोडा. नावं मात्र लिहू नका, फक्त वर्षं आणि कारणं.